नाशिकरोडला स्वतःची नगरपालिका होती तेव्हा

नाशिकरोडचा माणूस आजही जुन्या नाशिक शहरातल्या शालिमारला किंवा मेनरोडला निघाला की ‘नाशिकला जाऊन येतो’ असं सांगतो. कागदोपत्री तो १९८२ पासून नाशिकमध्येच राहतो. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तीन नगरपालिका संपल्या: १८६४ पासूनची नाशिकची, औद्योगिक वसाहतीभोवती वाढलेली सातपूरची आणि नाशिकरोड-देवळालीची. आसपासची वीसहून अधिक गावंही हद्दीत आली.

यातल्या ‘देवळाली’ने बाहेरच्यांचा हमखास गोंधळ होतो. नगरपालिकेची देवळाली म्हणजे देवळालीगाव. लष्कराचा देवळाली कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, तर शेजारच्या भगूरला वेगळी नगरपालिका. हे दोन्ही महापालिकेत आले नाहीत.

जुन्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर रेल्वे स्टेशन झालं आणि त्याच्या आधाराने वस्ती वाढली. तिला खरा आकार दिला तो प्रेसने. १९२५ मध्ये टपाल तिकिटं आणि मुद्रांक छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ मध्ये नोटांचा प्रेस. पक्की सरकारी नोकरी आली, क्वार्टर्स आल्या, बाजारपेठ फुलली. नगरपालिकेच्या तिजोरीला मात्र याचा सरळ लाभ फारसा नव्हता. राज्यघटनेच्या कलम २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर पालिका मालमत्ता कर लावू शकत नाही. मिळालं तर सेवाशुल्क. गावातले सगळ्यात मोठे दोन मालमत्ताधारक, रेल्वे आणि प्रेस, असे करातून सुटलेले. त्या काळातल्या इतर पालिकांप्रमाणे मदार जकातीवर, म्हणजे हद्दीत येणाऱ्या मालावरच्या करावर, आणि म्हणून व्यापाऱ्यावर. सभागृहात व्यापाऱ्याच्या शब्दाला वजन का, हे यातून बरंचसं कळतं.

राजकारणाचे आणखी दोन धागे होते. एक देवळालीगावच्या जुन्या शेतकरी घराण्यांचा, दुसरा प्रेस-रेल्वेच्या कामगारांचा आणि त्यांच्या युनियनचा. त्या पिढीत पालिकेच्या निवडणुका पुष्कळदा पक्षचिन्हापेक्षा पॅनेल, आघाडी आणि भावकीवर लढल्या जात. १९७४ ला राज्यात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले, तेव्हा तर माणूसच पक्षापेक्षा मोठा ठरे. माझ्या मते नाशिकरोडची ही सवय विलीनीकरणानंतरही सुटलेली नाही. उमेदवाराचा पक्ष बदलतो, आडनाव तेच राहतं.

महापालिका झाली, पण दहा वर्षं तिथे प्रशासकच होते. पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली आणि शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. तोवर या भागात शिवसेना रुजली होती. देवळाली राखीव मतदारसंघातून बबनराव घोलप १९९० पासून सलग पाच वेळा आमदार झाले. त्यांची कन्या नयना घोलप पुढे महापौर झाल्या. २०१२ मध्ये मनसेने ४० जागा घेऊन सत्ता मिळवली, २०१७ मध्ये भाजपने १२२ पैकी ६६. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा प्रशासक, तेही जवळपास चार वर्षं.

नाशिकरोड आता महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक. प्रभाग समितीला सभापती असतो, पण त्याच्या हातात किरकोळ कामांच्या मंजुरीपलीकडे फार काही नसतं. पाणीपट्टी किती आणि कुठला रस्ता आधी, हे शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या मुख्यालयात ठरतं.