नवं काही आलंय का?

काही संकेतस्थळांवर महिन्या-दोन महिन्यांतून एखादाच लेख येतो, पण तो चुकवून चालत नाही. मग रोज पान उघडून बघायचं, नाहीतर आपला ईमेल पत्ता त्यांच्या हवाली करायचा, नाहीतर समाजमाध्यमावर त्यांना फॉलो करून अल्गोरिदमच्या मर्जीवर बसायचं. याहून सोपा मार्ग पंचवीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे, आणि तो फुकट आहे. तो म्हणजे वेब फीड.

फीड ही एक साधी मजकुराची फाइल असते. संकेतस्थळ ती एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवतं आणि नवा लेख आला की तिच्यात वर एक नोंद घालतं. जुन्या नोंदी खालून गळत जातात. वर्डप्रेसवर सेटिंग बदललं नसेल तर शेवटच्या १० नोंदी राहतात. प्रत्येक नोंदीत शीर्षक, लेखाचा दुवा, प्रकाशनाची वेळ, थोडा किंवा सगळा मजकूर आणि बहुधा एक ओळखखूण असते. ही खूण वाचकाला कधी दिसत नाही, पण खरं काम तिचंच. लेखकाने शीर्षकातली चूक दुरुस्त केली तरी खूण तीच राहते, म्हणून तो लेख पुन्हा ‘नवा’ म्हणून समोर येत नाही. उलट, संकेतस्थळाची जागा बदलताना सगळ्या खुणा बदलल्या की जुनेच लेख एका रात्रीत ‘न वाचलेले’ होऊन रांगेत उभे राहतात.

ही फाइल वाचायला फीड रीडर लागतो. फीडली आणि इनोरीडर या सेवा ब्राउझरमध्ये चालतात, थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रॅममध्येही ही सोय आहे. रीडर ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जातो. मागच्या खेपेला सर्व्हरने फाइलसोबत ईटॅग नावाची एक छोटी खूण दिलेली असते. रीडर ती परत दाखवून विचारतो, ‘माझ्याकडे ही प्रत आहे, त्यानंतर काही बदललं का?’ बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो आणि गप्प बसतो; फाइल पाठवतच नाही. बहुतेक फेऱ्या अशाच रिकाम्या जातात, म्हणून हा सगळा व्यवहार स्वस्तात पडतो. काही आळशी रीडर ईटॅग न दाखवता दर वेळी अख्खी फाइल ओढून नेतात. सर्व्हर सांभाळणारे त्यांच्या नावाने बोटं मोडतात, ते उगाच नाही.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की वर्गणीदारांची यादी संकेतस्थळाकडे नसतेच. कोणते फीड घ्यायचे ते तुमच्या रीडरमध्ये लिहिलेलं असतं. नको झालं की तिथली ओळ पुसायची, ‘जाताय का?’ म्हणून कोणी विचारत नाही. पूर्ण अदृश्य मात्र राहता येत नाही. रीडर तुमच्याच संगणकावर चालत असेल तर तुमचा आयपी पत्ता सर्व्हरला दिसतो, आणि लेखातली चित्रं उघडली की तीही माग ठेवू शकतात.

आरएसएस ही फीड लिहिण्याची एक ठरलेली पद्धत. पहिला आरएसएस फीड मार्च १९९९ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने आपल्या पोर्टलसाठी आणला. रामनाथन गुहा आणि डॅन लिबी हे त्याचे कर्ते. पुढे नेटस्केपने अंग काढून घेतलं आणि प्रोग्रॅमर डेव्ह वायनर व एक स्वतंत्र गट यांनी आपापल्या वाटा धरल्या. त्या गटात किशोरवयीन प्रोग्रॅमर ॲरन स्वार्ट्झही होता. भांडणं बरीच झाली. २००२ मध्ये आरएसएस २.० आलं, २००५ मध्ये ॲटम हे फीडचं वेगळं प्रमाण ठरलं. वाचणाऱ्याला याचा काही त्रास नाही, कारण रीडर दोन्ही वाचतात. फक्त आरएसएसमध्ये तारीख अजूनही १९८२ च्या ईमेल नियमाप्रमाणे, महिन्याच्या इंग्रजी नावासकट लिहावी लागते.

२००० च्या डिसेंबरमध्ये नोंदीला ध्वनिफाइल जोडायची सोय झाली आणि त्यातून पॉडकास्ट उभे राहिले. म्हणजे पॉडकास्ट ऐकणारा माणूस नकळत फीडच वापरत असतो.

फीड शोधायचा तर रीडरमध्ये संकेतस्थळाचा साधा पत्ता टाकून बघा. पानाच्या पोटात फीडचा पत्ता सांगणारी एक ओळ बहुधा असते, ती रीडर स्वतःच हुडकतो. मात्र दिवसाला शंभर बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांचे फीड घेऊ नयेत, असं माझं मत आहे. दोन दिवसांत ढीग साचतो आणि माणूस रीडर उघडायचंच सोडतो. शिवाय रीडर तुमच्याच संगणकावर चालत असेल आणि संगणक बंद असताना असा फीड पुढे सरकला, तर मधल्या नोंदी हाती लागत नाहीत. क्वचित लिहिणाऱ्यांसाठी मात्र याला तोड नाही.

लोकप्रिय गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा फीड संपला असं अनेकांनी जाहीर करून टाकलं. पण फीड गूगलच्या मालकीचे नव्हतेच. लोकांनी आपली वर्गणीची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेतली आणि दुसऱ्या रीडरमध्ये घातली. ज्यांचे लेख ते वाचत होते, त्या संकेतस्थळांना काहीच बदलावं लागलं नाही.