रायण्णाची समाधी, नंदगड

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात नंदगडजवळ असलेली, संगोळ्ळी रायण्णाला जिथे पुरले ती जागा. नंदगड बेळगावच्या दक्षिणेला सुमारे ३५ किमीवर आहे. गावात मराठी बोलणारे बहुसंख्य. गोव्याकडून येणाऱ्या मीठ-नारळाच्या व्यापारामुळे ही एके काळी भरभराटीची पेठ होती.

रायण्णा कित्तूर संस्थानातला शेतसनदी, म्हणजे चाकरीबद्दल मिळालेली जमीन कसणारा शिपाई. दत्तक वारस नामंजूर झाल्यावर राणी चन्नम्माने कंपनी सरकारशी लढाई पुकारली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या वेशीवर मारला गेला. डिसेंबरात कित्तूर पडले आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत गेली. १८२९ मध्ये ती तिथेच वारली, तरी रायण्णा थांबला नाही. दत्तकपुत्र शिवलिंगप्पाला गादीवर बसवायचे, एवढाच त्याचा ध्यास. शिवाय शेतसनद्यांच्या जमिनी काढून घेतल्याचा आणि उरलेल्यांवर शेतसारा चढवल्याचा राग होताच. म्हणून छाप्यात खजिन्याबरोबर साऱ्याची दप्तरेही जाळली जात. बिडी, नंदगड, संपगाव या भागात त्याने कंपनीला स्वस्थ बसू दिले नाही. एप्रिल १८३० मध्ये तो फितुरीने सापडला. ज्या मुलखात त्याने बंड केले, तिथेच, नंदगडजवळ, २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला फाशी दिले.

समाधीवर मोठा वड आहे. रायण्णाचा साथीदार बिचुगत्ती चन्नबसप्पा याने पुरल्या जागी रोप लावले, त्याचाच हा वड, असे परंपरा सांगते. फाशीचेही झाड वडाचेच होते असे सांगतात, पण ते हे नव्हे. समाधीचा वड त्याच्या मरणानंतरचा. मूल व्हावे म्हणून बायका या वडाला छोटे पाळणे बांधतात आणि नवस बोलतात. मराठी घरातल्या येतात, कानडी घरातल्याही येतात. फासावर गेलेल्या माणसाच्या थडग्यापाशी माणसे मूल मागतात, यात या जागेचे खरे मोठेपण आहे. सरकारने बांधलेल्या कुठल्याही चौथऱ्याला ते येणार नाही. झाडाजवळ अशोकस्तंभ आणि रायण्णाचे लहानसे देऊळ आहे.

फाशीची तारीख पुढे प्रजासत्ताक दिनाची ठरली. त्याचा जन्मही १५ ऑगस्टचा (१७९८) मानतात. त्यामुळे इथे झेंडावंदन आणि पुण्यतिथी एकाच सकाळी येतात. गीगी पदांतून, म्हणजे कानडी लोकगीतांतून, रायण्णा घरोघर पोचला. सीमाभागात अलीकडे त्याचे नाव भाषेच्या भांडणात ओढले जाते, ते मात्र दुःखद आहे. तो लढला तेव्हा भांडण शेतसाऱ्याचे आणि गादीचे होते.

राणीची समाधी बैलहोंगल गावात आहे, आणि थॅकरेचा स्मारकस्तंभ धारवाडला. नंदगडला येणाऱ्याने बैलहोंगलही करावे. ज्या राणीसाठी रायण्णा लढत राहिला, ती तिथे आहे.