धावून जाण्याचं कर्तव्य (शस्त्रधारी नागरिकाचं)

लायसन्सचं पिस्तूल किंवा बंदूक असलेला साधा माणूस, म्हणजे पोलिसात नाही की मिलिटरीत नाही, त्याला रस्त्यात कुणी अनोळखी जिवाच्या संकटात दिसला तर मधे पडायलाच पाहिजे का, हा या नोंदीचा विषय. आजच्या भारतीय कायद्याचं उत्तर थोडक्यात असं की हक्क आहे, सक्ती नाही. पण आपल्याकडे हे उत्तर कायम असंच नव्हतं, म्हणून आधी जुन्या ग्रंथांकडे जाऊ.

मनुस्मृतीत (९.२७४) सरळ दंडच सांगितलाय. गावावर दरोडा पडला, ‘हिताभङ्ग’ झाला किंवा वाटेत लुटालूट दिसली आणि तरी जे ‘शक्तितः’ धावून जात नाहीत, त्यांना सामानसुमानासकट हद्दपार करा. यातल्या ‘हिताभङ्ग’ शब्दावर टीकाकारांचं पटत नाही. कुल्लूक म्हणतो बांध फुटणं, आणि तोच मेधातिथीचं वेगळं मत नोंदवतो की शेतातल्या पिकाची नासधूस, कुंपण मोडणं. काही पोथ्यांत शब्दच निराळा येतो. मला बांधाचा अर्थ जास्त बरा वाटतो, कारण दरोडा आणि वाटमारीच्या रांगेत सगळ्या गावाने धावण्यासारखं संकट तेच, कुंपण मोडल्यावर गाव कशाला धावेल. कुल्लूकाचा काळ मात्र नक्की नाही, कुणी तेराव्या शतकाच्या आसपास धरतं, कुणी पंधराव्यापर्यंत खाली आणतं.

आपल्या कामाचा खरा शब्द आहे ‘शक्तितः’, म्हणजे ऐपतीप्रमाणे, झेपेल तसं. कुल्लूक हे जवळपास असलेल्या लोकांवर टाकतो. मग हातात शस्त्र असणं ही ‘शक्ती’ धरायची का? श्लोक काही बोलत नाही, पण निहत्था आणि तलवारवाला दोघांना एकच माप लावायचं असतं तर हा शब्द घालायची गरज नव्हती. शस्त्राबद्दल वेगळं बोलणं आहे ते आठव्या अध्यायात (८.३४८-३४९), तिथे धर्माला अडथळा आला की द्विजांनी शस्त्र घ्यावं आणि स्वतःच्या रक्षणासाठी किंवा स्त्रिया नि ब्राह्मणांना वाचवताना मारलं तर दोष नाही असं आहे. म्हणजे शस्त्राचा अधिकार वर्णाने बांधलेला आणि वाचवायचं कुणाला तेही निवडलेलं. धावायचं बंधन त्यापेक्षा मोकळं, निदान शब्दांवरून तरी.

याज्ञवल्क्यस्मृतीत (२.२३४ आणि पुढे) हेच छोटं होऊन येतं. हाक ऐकून न धावणाऱ्याला शंभर पण (तेव्हाचं नाणं) दंड आणि कारण नसताना ओरडणाऱ्यालाही तेवढाच, ही दुसरी अट फार शहाणपणाची आहे. या स्मृतीला पां. वा. काणे इसपू. पहिलं शतक ते इसवी सनाचं तिसरं अशा मोठ्या टप्प्यात ठेवतात, तर संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत खाली आणतात आणि अलीकडे हेच मत जास्त धरलं जातं. काणे मुंबई हायकोर्टात वकिली केलेले, त्यामुळे आततायीवरचं (म्हणजे जिवावर उठलेल्या हल्लेखोरावरचं) त्यांचं विवेचन वाचताना बचावाचा वकील बोलतोय असं मधूनमधून वाटतं.

हे सगळं तुटलं मेकॉलेपाशी, ब्रिटिश अमलात दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या. १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्याला जोडलेल्या टिपणांत त्याने प्रश्न घेतला की नुसतं काही न करणं गुन्हा कधी ठरवायचा. उदाहरण कलकत्त्याच्या सर्जनचं: तो मीरतला जाऊन ऑपरेशन करू शकणारा एकटाच आहे आणि गेला नाही तर रोगी मरणार, तरी तो खुनी नाही. नदीला पूर आलाय हे वाटसरूला न सांगणाराही नाही. वाईट माणूस म्हणा, पण कायद्याने आधीच बांधलेला असेल तरच न करणं गुन्हा. १८६० ची संहिता याच पायावर उभी राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो पाया हलवला नाही.

आता हक्काची बाजू, ती बरीच रुंद आहे. १८६० च्या संहितेचं कलम ९७, आताच्या न्याय संहितेचं ३५, यात स्वतःच्या शरीरासोबत ‘दुसऱ्या कुणाच्याही’ शरीराचा बचाव येतो, तो दुसरा ओळखीचा असायला पाहिजे असं नाही. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगांत हल्लेखोर मेला तरी चालतं (कलम ३८). पण पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तर नाही (कलम ३७). सुप्रीम कोर्टाने दर्शन सिंग खटल्यात (२०१०) सांगितलं की जिवावर बेतलेल्या माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून वार करावेत अशी अपेक्षा करता येत नाही, तरीही तराजू शेवटी कोर्टाच्याच हातात असतो. सक्तीच्या जागा अगदी थोड्या. पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटने पकडापकडीत रास्त मदत मागितली तर द्यायला लागते आणि खून, दरोडा अशा ठरावीक गुन्ह्यांची खबर द्यायला लागते. दोन्हीकडे बंदुकीचा संबंध नाही, फोन करणारा आणि पिस्तूलवाला सारखेच.

मुंबईत शस्त्राचं लायसन्स पोलीस कमिशनर देतात, १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांखाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, काडतुसांचा आकडाही ठरलेला. निवडणुका लागल्या की बऱ्याच जणांना हत्यार पोलीस स्टेशनला जमा करायला सांगतात, मग तेवढे दिवस हा प्रश्नच मिटतो. झवेरी बाजारात एका पेढीच्या दारात स्टुलावर दुनळी आडवी ठेवून बसलेल्या गार्डला मी एकदा विचारलं होतं, समोरच्या गल्लीत कुणी कुणाला चाकू लावला तर काय करशील. तो म्हणाला, शिट्टी मारीन, गोळ्या मोजून दिल्यात आणि दार सोडलं तर नोकरी जाईल. कायद्याच्या पुस्तकांपेक्षा हे मला जास्त नेमकं वाटलं.

या शहरात धावून गेल्याची जी उदाहरणं सगळ्यांच्या तोंडी आहेत त्यात बंदूक जवळपास नाहीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती, आणि ते पोलीस होते म्हणजे त्यांचं कर्तव्य होतंच. सीएसटीवर रेल्वेचे अनाउन्सर विष्णू झेंडे यांनी माइकवरून लोकांना गोळीबारापासून दूरच्या बाजूने बाहेर काढलं. उलट ऑक्टोबर २०११ मध्ये आंबोलीला मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवणाऱ्या दोन तरुणांना भोसकलं तेव्हा आजूबाजूला माणसं होती आणि मधे कुणी पडलं नाही, त्यावर तेव्हा फार लिहिलं गेलं. ‘एखाद्याकडे पिस्तूल असतं तर’ असंही लोक म्हणाले. त्या गर्दीत सुटलेली गोळी कुठे गेली असती हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून माझा कल असा की धावायचं, ओरडायचं, ११२ लावायचं बंधन मानावं, चाप ओढायचं मानू नये.

परदेशात फ्रान्स आणि जर्मनीत मदत न करणं गुन्हा आहे, पण मदत करणाऱ्याला धोका नसेल तरच, त्यामुळे गोळीबारात उडी घ्यायची सक्ती तिथेही निघत नाही. अमेरिकेत व्हर्माँटचा १९६७ चा कायदा आहे, दंड शंभर डॉलरपर्यंत. सरकारी यंत्रणेला, अगदी पोलिसांनाही, एखाद्या विशिष्ट माणसाला वाचवण्याचं घटनात्मक बंधन नाही असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८९ आणि २००५ मध्ये धरलं, मग नागरिकावर ते टाकायचं कशाच्या जोरावर हा वाद तिथे चालूच असतो. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडा इथे एका नागरिकाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला पाडलं, नंतर त्याच्या हातात हल्लेखोराची रायफल दिसली आणि मागून आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली, त्यात तो गेला.