पिळलेले सूत, तिंबलेली कणीक

दिवाळीच्या आधी घरोघरी वाती वळल्या जातात, तेव्हा आपण सूतकताईच करत असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चिमूटभर कापूस बोटांनी ओढून लांबवायचा आणि तळहातांमध्ये घासून त्याला पीळ द्यायचा, एवढीच ती कृती. मोकळा कापूस फुंकरीने उडतो. तोच पिळला की ओढूनही सहज तुटत नाही. कापसात बाहेरून काहीही मिसळलेले नसताना हे बळ कुठून येते, असा प्रश्न मला टकळी, म्हणजे सूत कातायची हातातली छोटी चाती, हाती घेतल्यावर पडला, आणि पुढे घरी पाव भाजू लागल्यावर परातीतल्या पिठापाशीही तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. आपल्याकडच्या पऱ्हाटीवरच्या नेहमीच्या कापसात ती साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब भरते आणि तिची जाडी माणसाच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी असते. बोंड मिटलेले असते तोवर ही पेशी पाण्याने भरलेल्या गोल नळीसारखी असते. बोंड फुटून तिला ऊन-वारा लागला की पाणी आटते, नळी चपटी होते आणि फितीसारखी जागोजागी मुरडते. या मुरडींमुळे शेजारचे तंतू एकमेकांना धरून राहतात. पेळूतून, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या सैल गुंडाळीतून, कापूस ओढताना बोटांना जो हलका अडसर जाणवतो, तो या मुरडींचाच असतो.

पीळ पडला की हे तंतू सुतामध्ये मळसूत्रासारखे वळसे घेतात. अशा सुताला ओढले असता बाहेरचे वळसे आतल्या तंतूंना आवळतात, दाबाबरोबर घर्षण वाढते, आणि म्हणून जितकी ओढ अधिक तितकी पकडही घट्ट होते. मात्र पीळ अति झाला, तर तंतू इतके तिरपे होतात की त्यांना सुताच्या दिशेने येणारा भार नीट पेलता येत नाही, आणि सुताची ताकद पुन्हा घटते.

मला सर्वांत मोहक वाटते ती यापुढची गोष्ट. कातताना सूत सगळीकडे सारखे कधीच येत नाही. कुठे बारीक, तर कुठे जाड राहते. जाड भागाला पिळणे कठीण असते, बारीक भाग सहज पिळला जातो, आणि त्यामुळे टकळीचा पीळ आपोआप बारीक जागेकडे धावतो. पीळ मिळाल्याने ती जागा बळकट होऊन पुढे लांबायचे थांबते, तर कमी पिळाच्या जाड जागेतले तंतू अजून सरकत असल्यामुळे ओढ दिली की नेमका तोच भाग लांबून बारीक होतो. सुताची बरीचशी दुरुस्ती अशी सूतच करते. हाताने फक्त योग्य वेळी योग्य तेवढी ओढ द्यायची असते. हे बोटांना पहिल्यांदा कळले, त्या दिवशी मी तासभर टकळी खाली ठेवली नाही.

नागपूरच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. कापूस हवेतला ओलावा शोषतो आणि दमट असताना त्याची ताकद वाढते. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी सूत वारंवार तुटते, तर श्रावणात तेच हात सलग कातत राहतात. १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवा दमट ठेवण्याची यंत्रणा बसवली होती, त्यामागे हेच कारण होते.

आता परातीकडे वळू. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले की ती एकमेकांशी जोडली जाऊन त्यांचे ग्लुटेन बनते. सुरुवातीला हे जाळे विस्कळीत असते. तिंबताना ते पुन्हा पुन्हा ताणले आणि दुमडले जाते, साखळ्या एका दिशेला येऊ लागतात, त्यांच्यातले गंधकाचे बंध तुटून नव्याने जुळतात आणि पीठ लवचिक होते. ग्लुटेनिन ताण धरते, ग्लायडिन पीठ पसरू देते. या विज्ञानाचे उत्तम प्रात्यक्षिक पाहायचे असेल, तर नागपूरची लंबी रोटी करणाऱ्या बाईंजवळ जाऊन उभे राहावे. त्या सैलसर कणीक उचलून-आपटून इतकी तिंबतात की तिची अर्धपारदर्शक पोळी हातांवर लोंबत लांबते आणि न फाटता चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर जाऊन बसते. पावाच्या पिठाची परीक्षाही तीच: छोटा गोळा बोटांवर ताणला असता पापुद्र्यातून उजेड दिसला पाहिजे.

हा पापुद्रा लागतो तो वायू कोंडून धरण्यासाठी. यीस्टच्या पेशी साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडतात, आणि ग्लुटेनच्या असंख्य फुग्यांमध्ये तो वायू साठतो. हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात पीठ फुगायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ एप्रिलमध्ये पुरतो. घाईने फुगलेल्या पिठात चव मात्र पुरती मुरत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी माठातले गार पाणी वापरते, यीस्ट कमी घालते आणि पीठ पहाटे भिजवते.

ओव्हनमध्ये पहिली काही मिनिटे पाव झपाट्याने वर येतो, कारण वायू उष्णतेने प्रसरण पावतो. पुढे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट मरते, पिठातले पिष्ट पाणी शोषून फुगते, ग्लुटेन घट्ट होते आणि पावाचा आकार कायम होतो. आतला भाग शंभर अंशांच्या पुढे जात नाही; वरचे साल मात्र कोरडे पडून त्याहून खूप तापते आणि तिथे प्रथिने व साखर यांच्या मेयार अभिक्रियेतून खरपूस रंग आणि वास तयार होतो.

पाव बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. आतली वाफ अजून फिरत असते आणि पिष्ट पुरते बसलेले नसते, त्यामुळे गरम पाव कापला तर तो चिकट, ओलसर लागतो. अर्धा-पाऊण तास तो जाळीवर राहू द्यावा. तेवढ्या वेळात टकळीवर एखादा पेळू सहज कातून होतो.