मोठेपणी कळलेला ऑटिझम: इतका उशीर का होतो, त्यामागची पार्श्वभूमी

चाळिशीच्या आसपास कुणाला ऑटिझमचं (म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळे लोकांत मिसळणं, बोलणं, आवाज सहन करणं वेगळं किंवा अवघड असतं) निदान झालं की घरातले पहिल्यांदा हेच विचारतात, अगं शिकलीस, नोकरी केलीस, लग्न झालं, आता मधेच हे कुठून निघालं? ऑटिझम जन्मापासूनच असतो, मोठेपणी होत नाही, हे सांगितलं तरी पुढचा प्रश्न तयार असतो, मग इतकी वर्षं एकाही डॉक्टरला कसं दिसलं नाही. मलाही तिशी उलटल्यावर कळलं आणि या दुसऱ्या प्रश्नाने खूप छळलं, म्हणून जे वाचत गेले ते इथे एकत्र मांडतेय.

बहुतेक ठिकाणी सुरुवात १९४३ पासून करतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनरनी ११ मुलांबद्दल लिहिलं, ८ मुलगे आणि ३ मुली. ते लहान मुलांचे सायकियाट्रिस्ट, त्यामुळे त्यांच्याकडे यायची ती लहान मुलंच आणि तीही ज्यांचं वेगळेपण लपण्यासारखं नव्हतं अशी. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगरनी छान बोलणाऱ्या, एकाच विषयात खोल बुडालेल्या चार मुलग्यांचं वर्णन केलं, पण ते जर्मनमध्ये, तेही युद्ध चालू असताना, त्यामुळे इंग्रजी जगात कित्येक दशकं ते फारसं कुणी वाचलं नाही. (नाझी काळात त्यांनी काही मुलांना जिथे मुलं मारली जायची अशा संस्थेत पाठवल्याचं २०१८ च्या संशोधनातून पुढे आलं, म्हणून त्यांच्यावरून पडलेलं ‘आस्परगर सिंड्रोम’ हे निदानाचं नाव आता बरेच जण वापरत नाहीत आणि मला ते योग्य वाटतं.)

पण या दोघांच्याही आधी, १९२५ मध्ये, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांवर लिहिलं होतं आणि पुढे दोन वर्षांनी मुलींवरही! त्यांचं वर्णन आजच्या निकषांच्या इतकं जवळ जातं की वाचताना थक्क व्हायला होतं. त्या मुलग्यांवरच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर आलं १९९६ ला. म्हणजे मुलींमध्ये हे कसं दिसतं हे १९३० च्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि ते वाचलंच गेलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मधली वीसएक वर्षं तर आईला दोष देण्यात गेली. आई थंड वागते म्हणून मूल असं होतं हे ब्रुनो बेटलहाइमसारखे मुलांच्या मनावर लिहिणारे लोक छातीठोकपणे सांगत होते, १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं तरी तो डाग लवकर गेला नाही. १९८० ला डीएसएम-३ मध्ये, म्हणजे मानसिक निदानांचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत, ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली पण नाव होतं ‘इन्फन्टाइल ऑटिझम’ आणि अट होती की लक्षणं ३० महिन्यांच्या आत दिसली पाहिजेत. आता ही मुलं मोठी होतातच ना? कॅनरच्या यादीतला पहिला मुलगा, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट, बँकेत नोकरी करत, गाडी चालवत, जगभर फिरत ८९ वर्षं जगला, २०२३ मध्ये गेला.

खरी कलाटणी दिली लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्या सायकियाट्रिस्ट आणि त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक. १९७९ मध्ये जुडिथ गूल्डबरोबर कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की कॅनरच्या चौकटीत न बसणारी पण तशाच अडचणी असलेली मुलं कितीतरी जास्त आहेत. मग १९८१ च्या लेखात त्यांनी आस्परगरचं काम पुढे आणलं, आणि त्यातल्या ३४ जणांची वयं होती ५ ते ३५! मोठी माणसं तिथे होतीच, फक्त आस्परगर सिंड्रोम अमेरिकन निकषांत यायला १९९४ चा डीएसएम-४ उजाडला. म्हणजे ८० च्या दशकात शाळेत असलेल्या, बोलणाऱ्या, पास होणाऱ्या मुलांसाठी त्या वेळी हे निदान जवळजवळ नव्हतंच. ऑटिझम असेल तर एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाण्याचं) निदान लावायचं नाही असाही नियम होता, तो २०१३ च्या डीएसएम-५ ने काढला. याच आवृत्तीत लिहिलं गेलं की लक्षणं लहानपणापासून असली तरी शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात, आणि हे वाक्य माझ्यासारख्यांसाठी फार मोठं आहे.

या झाकण्याला मास्किंग म्हणतात. फोन करण्याआधी वाक्यं मनात पाठ करणं, लग्नात कुणाकडे किती वेळ बघायचं हे मोजत राहणं, आवाज सहन होत नसताना हसत उभं राहणं आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलू न शकणं. आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलीला ‘शांत आहे, गुणी आहे’ म्हणतात, तिला डॉक्टरकडे कोण नेणार? आधी चार मुलग्यांमागे एक मुलगी असं सांगायचे, २०१७ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ते प्रमाण तीनाला एकच्या जवळ आलं.

इंग्लंडात मोठ्यांसाठी केंब्रिजला १९९९ मध्ये वेगळं क्लिनिक निघालं, २००९ ला ऑटिस्टिक प्रौढांसाठी कायदा झाला आणि सगळ्या ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ मध्ये ऑटिझमची नवीन निदानं ७८७ टक्क्यांनी वाढली. लोक म्हणतात फॅड आलंय. मला तरी यात मागे राहून गेलेल्यांची थकबाकीच जास्त दिसते.

आपल्याकडे दिल्लीत ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेचं काम १९९१ ला पालकांमधूनच सुरू झालं. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत धरला. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी सिकंदराबादच्या, बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने केलेली ४० मुद्द्यांची ‘इसा’ चाचणी वापरतात, त्यात ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही असं धरलं जातं, आणि आयुष्यभर मास्किंग केलेल्या, नोकरी सांभाळणाऱ्या बाईला तिथे ७० गाठणं अवघडच आहे असं माझं मत आहे. शिवाय लहानपणाची माहिती लागते, आईवडील थकलेले किंवा गेलेले असले की मोठी बहीण, मावशी, प्रगतीपुस्तकातले ‘वर्गात बोलत नाही’ असे शेरे, यावरच भागवावं लागतं, आणि हे सगळं नीट विचारणारे, मोठ्यांचं निदान करणारे डॉक्टर पुण्यामुंबईतसुद्धा शोधावे लागतात.