डॅटसन गो, गो प्लस आणि रेडी-गो वापरणाऱ्यांसाठी थोडी माहिती

आमच्याकडे डॅटसन घेऊन येणारा जवळपास प्रत्येक जण गाडी उभी करता करता एकच विचारतो, आता पार्ट मिळतील ना, का विकून टाकू. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून काढू. आणि लिहायलाच बसलोय तर ही गाडी मुळात आली कुठून तेही सांगतो, कारण ते कळलं की कंपनीने तिच्यात पैसे कुठे वाचवलेत ते कळतं, आणि ते कळलं की आपण खर्च कुठे करायचा आणि कुठे उगाच करायचा नाही हेही लक्षात येतं.

पार्टचं आधी सांगून टाकतो. निसानने 20 एप्रिल 2022 ला भारतात आपला डॅटसन हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हाच सर्व्हिस, पार्ट आणि वॉरंटी निसानच्या नेटवर्कमधून चालू राहील असंही सांगितलं होतं. दुसरं म्हणजे डॅटसनच्या आतलं सामान फक्त डॅटसनचं नाहीये. रेडी-गो रेनो क्विडच्याच प्लॅटफॉर्मवर (म्हणजे गाडीच्या खालच्या मूळ सांगाड्यावर) बनलेली, 800 सीसी आणि 1000 सीसी दोन्ही इंजिनं क्विडमधलीच. गो आणि गो प्लस निसान मायक्राच्या प्लॅटफॉर्मवर, तिचं 1200 सीसीचं तीन सिलिंडर इंजिनही मायक्राच्याच घरातलं. त्यामुळे फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, क्लच सेट असल्या गोष्टींसाठी गाडी सहसा अडून बसत नाही. अडते ती बाहेरच्या सामानासाठी, म्हणजे बंपर, हेडलाइट, ग्रिल, टेललाइट, कारण ते फक्त हिचंच. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, पार्किंगमधे घासून बंपर थोडा फाटला तर लगेच फेकून देऊ नका, प्लास्टिक वेल्डिंग होतं, पेंट होतो, जुना बंपर हाताशी असलेला बरा.

आता गाडीच्या खानदानाबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं डॅटसन 2014 ला जन्माला आली, पण हे नाव निसानपेक्षाही जुनं आहे. मासुजिरो हाशिमोतो नावाच्या इंजिनियरने 1911 मधे टोकियोत काइशिन्शा नावाचा कारखाना काढला, आणि 1914 मधे त्यांची जी गाडी आली तिला पैसे लावणाऱ्या तिघांच्या, म्हणजे देन, आओयामा आणि ताकेउची यांच्या आद्याक्षरांवरून डॅट नाव दिलं. पुढे 1931 मधे त्याहून छोटी गाडी काढली ती डॅटसन, म्हणजे डॅटचं पोरगं. जपानीत त्या सन शब्दाचा नुकसान असाही अर्थ निघतो हे लक्षात आल्यावर इंग्रजी स्पेलिंग बदलून पोराचा सूर्य केला, धंदेवाल्या माणसाला ही भीती सांगायला नको. गंमत म्हणजे तेव्हाही छोटं इंजिन हाच तिचा प्लस पॉइंट होता. त्या काळी जपानमधे 500 सीसीच्या आतली गाडी चालवायला लायसन्सची परीक्षा लागत नव्हती, आणि डॅटसनचं इंजिन होतं 495 सीसी! योशिसुके आयकावा यांच्या ग्रुपकडे ही कंपनी आली, 1934 ला निसान मोटर नाव पडलं, आणि 1935 पासून योकोहामाच्या प्लांटमधून डॅटसन लाइनवर बनून बाहेर पडायला लागल्या.

युद्धानंतर निसानने 1952 मधे ब्रिटिश ऑस्टिनबरोबर करार करून त्यांच्या गाड्या जपानमधे जोडायला घेतल्या आणि त्यातून बरंच शिकून घेतलं. 1958 ला ऑस्ट्रेलियात रॅलीला गाडी पाठवली, साधारण 16000 किलोमीटरची, खडतर रस्त्यांची, तिथे डॅटसन 210 ने आपल्या क्लासमधे नंबर काढला आणि त्याच वर्षी अमेरिकेत विक्री सुरू झाली. अमेरिकेत ती खपवली युताका कातायामा या माणसाने. 240 झेड ही स्पोर्ट्स कार जपानमधून फेअरलेडी असं नाव लावून आली होती, ते नाव अमेरिकेत चालणार नाही म्हणून यांनी बिल्ले काढून 240 झेडचे बिल्ले लावले. किंमत 3526 डॉलर, त्या पैशात तसली गाडी तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. मग 1973 ला तेलाचं संकट आलं, पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि कमी पिणाऱ्या छोट्या जपानी गाड्यांचा भाव वधारला. आखातात काम करून आलेल्या आपल्याकडच्या जुन्या लोकांना विचारा, त्यांना डॅटसनचं पिकअप नक्की आठवत असेल.

पण एक बदनामी तेव्हापासूनच चिकटलेली आहे आणि ती आमच्या कामाची म्हणून सांगतो, गंज. जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे त्या डॅटसन खालून खाऊन गेल्या, इंजिन ठणठणीत आणि पत्र्याला भोकं, त्यामुळे ब्रिटनमधे लाखांनी विकलेल्या गाड्यांपैकी आज बघायलासुद्धा फार थोड्या मिळतात. पुढे 1981 मधे निसानने जगभर एकच नाव ठेवायचं ठरवलं आणि 1986 पर्यंत डॅटसन हे नाव पुसून टाकलं. लोकांनी भरवसा ठेवलेलं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं आणि वर नाव बदलल्याच्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा घालवायचा, आम्हाला तर हे आजही समजलेलं नाही.

पंचवीसेक वर्षं नाव कपाटात पडून होतं. मार्च 2012 मधे निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी इंडोनेशियात ते परत आणायची घोषणा केली (हेच ते, 2019 च्या शेवटी जपानमधून पेटीत बसून निसटलेले, पण तो विषय वेगळा). भारत, इंडोनेशिया, रशिया, दक्षिण आफ्रिका असे देश ठरले. रशियात तर लाडा या तिथल्या ब्रँडच्या गाडीवरच डॅटसनचा शिक्का मारून विकली. आपल्याकडे जुलै 2013 ला दिल्लीत गो दाखवली, मार्च 2014 ला 3 लाख 12 हजार एक्स-शोरूमला ती विक्रीला आली, जानेवारी 2015 ला चार मीटरच्या आत सात सीटवाली गो प्लस, आणि जून 2016 ला 2 लाख 38 हजारात रेडी-गो. सगळ्या चेन्नईजवळ ओरगडमच्या प्लांटमधे बनलेल्या. रशिया आणि इंडोनेशियात 2020 ला शटर पडलं, आपल्याकडे दोन वर्षांनी.

वापरणारे काय म्हणतात? इंजिनबद्दल तक्रार फारशी कुणी करत नाही, उलट कौतुकच. गोचं 68 पीएसचं इंजिन आणि गाडी हलकी, त्यामुळे पिकअप चांगला, घाटात दुसऱ्या गिअरवर आरामात चढते. मायलेजवर लोक खूश असतात. रेडी-गोवाल्यांना आवडते ती उंची, 185 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, खड्डे आणि स्पीडब्रेकरवर खालून घासत नाही, उंच सीटमुळे समोरचं नीट दिसतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार सोपी पडते. 800 सीसीवाली चार माणसं आणि एसी लावून चढावर दमते, ते तिचं वयच नाही, तिची ताकदच 54 पीएस आहे, त्यासाठी इंजिनचं काम काढू नका.

तक्रारी येतात त्या बहुतेक किंमतीतूनच आलेल्या. पहिल्या गोमधे म्युझिक सिस्टिमऐवजी मोबाइल अडकवायचा स्टँड, हँडब्रेक डॅशबोर्डखाली छत्रीच्या दांड्यासारखा ओढायचा, गिअर लिव्हर डॅशबोर्डवर, पुढच्या दोन सीट मधे जोडलेल्या. काचेला वायपर एकच. पत्रा पातळ आणि आवाज अडवणारं मटेरियल कमी, म्हणून हायवेला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आत येतो आणि तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला उभं असताना सीटपर्यंत जाणवते. गो प्लसची तिसरी रांग म्हणजे लहान मुलं नाहीतर बॅगा, मोठ्या माणसाने बसायचं धाडस करू नये. ही थरथर आणि आवाज म्हणजे बिघाड नाही. दाराच्या आत डॅम्पिंग शीट लावली की फरक पडतो, पण हजारो रुपये घालून ती गाडी होंडा होणार नाही, हे आधीच सांगतो.

थरथर अचानक वाढली तर मात्र बघायला हवं. बॉनेट उघडा, एसी चालू करा आणि कुणालातरी हँडब्रेक लावून, गिअर टाकून क्लच हळूच थोडासा सोडायला सांगा (समोर कुणी उभं राहू नका). इंजिन एका बाजूला धक्का खाऊन उचलल्यासारखं झालं तर माउंटिंग (इंजिन ज्या रबरावर बसवलेलं असतं ते) गेलंय. इंजिन जागेवरच आहे आणि तरी थरथरतंय तर आधी प्लग, कॉइल आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. स्वस्तातलं आधी करायचं. माउंटिंगचं रबर फाटलेलं असताना आख्खं इंजिन खोलायला सांगणारेही भेटतात, तेव्हा जुना पार्ट हातात मागायचा.

आता एक गोष्ट गोड करून सांगता येत नाही. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर 2014 मधे एअरबॅग नसलेल्या गोची टेस्ट केली, मोठ्या माणसांसाठी शून्य स्टार आले आणि बॉडीचा सांगाडाच अस्थिर ठरला, म्हणजे नुसती एअरबॅग बसवून भागणार नाही असं त्यांनी म्हटलं. 2019 मधे रेडी-गोला एक स्टार मिळाला. ऑक्टोबर 2018 च्या फेसलिफ्टपासून (म्हणजे रूप बदललेल्या मॉडेलपासून) गो आणि गो प्लसला दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) सगळ्या व्हेरियंटमधे आलं, त्यामुळे सेकंडहँड घेणार असाल तर आमचं सरळ मत आहे, ऑक्टोबर 2018 च्या आधीची घेऊ नका, वीस-तीस हजार वाचवायला तर अजिबात नको. आधीच घरात असेल तर ती शहरातली गाडी समजा, मागच्यांनीही बेल्ट लावायचा, आणि एक्सप्रेस वेवर शंभरच्या पुढे काटा न्यायचा नाही. बाहेरून एअरबॅग बसवून द्या असं विचारायला लोक येतात, आम्ही बसवत नाही आणि जो बसवून देतो म्हणेल त्याच्या नादी लागू नका.

मेंटेनन्समधे आमच्या मते पत्र्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि नेमकं तिकडेच कुणी बघत नाही. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. चिखलाने ती बुजली की पाणी दारातच साचतं, दार हलवलं तर छपछप आवाज येतो आणि पत्रा आतून कुजायला लागतो, बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्याआधी एक बारीक काडी घेऊन ती भोकं मोकळी करा, तार नको, रंग खरवडतो. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी अंडरबॉडी कोटिंग करूनच घ्या.

सीव्हीटीवाली, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गो असेल (2019 च्या शेवटी आली ती) तर तिचं ऑइल वेगळं असतं, साधं गिअर ऑइल कुणी ओतलं तर गिअरबॉक्सच जाईल. रेडी-गो एएमटीवाल्यांनी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर आपोआप पडणारा) चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी थोपवून धरू नका, ब्रेक दाबा, कारण आत क्लच प्लेटच आहे आणि तीच जळते. 2016 च्या सुरुवातीची 800 सीसी रेडी-गो सेकंडहँड घेतली असेल तर त्या वर्षी फ्युएल होसच्या (पेट्रोलच्या पाइपच्या) क्लिपसाठी रिकॉल निघाला होता, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या, चेसिस नंबर देऊन निसानकडे तपासून घ्या, रिकॉलचं काम फुकट होतं.

पेट्रोलबद्दल. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून सगळे घाबरलेत. आपल्याकडे ई20 साठी बनवलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून सक्तीच्या झाल्या, डॅटसन त्याआधीच बंद झाली, म्हणजे एकही डॅटसन मुळात ई20 धरून बनवलेली नाही. मायलेज थोडं कमी लागेल, इथेनॉलमधे ऊर्जाच कमी, त्याला इलाज नाही. आमचं म्हणणं एवढंच की प्रत्येक सर्व्हिसिंगला फ्युएल लाइनचे रबर पाइप आणि सील बघून घ्या, रबर फुगलं किंवा चिरलं तर बदला, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. बाटलीतलं ॲडिटिव्ह आम्ही ठेवत नाही, विचारू नये.

मग विकायची का? रीसेल किंमत पडलेली आहे ती काही वर येणार नाही, त्यामुळे गाडी धड चालत असेल तर कवडीमोलाने देऊन लोन काढून नवी घेण्यात आम्हाला हशील दिसत नाही. फक्त इन्शुरन्सची आयडीव्ही (इन्शुरन्स कंपनीने धरलेली गाडीची किंमत) खाली आलीये हे लक्षात ठेवून मोठ्या डेंट-पेंटचा खर्च करा, बिल गाडीच्या किंमतीच्या निम्म्यावर जायला लागलं तर थांबून आम्हाला विचारा.

पार्ट मागवताना आरसीचा फोटो आणि चेसिस नंबर पाठवा. नुसतं रेडी-गो म्हणून भागत नाही, 800 आणि 1000 चे पार्ट वेगळे, 2020 च्या बीएस 6 फेसलिफ्टचा पुढचा चेहरा वेगळा, आणि लॅम्प एकदा सील फोडला की परत घेतला जात नाही.