दुसरा दगड कोण मारतो?

कुठे सरकार उलथलं की दुसऱ्या दिवशी हमखास ऐकू येतं, 'लोक उपाशी होते हो, दुसरं काय होणार!' पण नुसत्या उपासमारीने क्रांती होत असती, तर जगात रोज एक झाली असती. राग हे सरपण झालं. ते पेटतं कसं?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली याचं एक गणित मांडलं. मी त्याच्या प्रेमातच आहे. चौकात शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा एक 'उंबरठा' आहे, म्हणजे आधी किती जणांनी दगड मारला तर मी मारेन, तो आकडा. एकाचा शून्य, पुढच्याचा एक, मग दोन, असं थेट नव्याण्णवपर्यंत. शून्यवाला सुरुवात करतो, त्याला बघून एकवाला, दोघांना बघून दोनवाला, आणि बघता बघता चौक पेटतो.

आता एकच फेरफार करा. एकवाल्याला घरी पाठवा आणि त्याच्या जागी आणखी एक दोनवाला उभा करा. पहिला दगड पडतो आणि... काहीच नाही! कुणा माथेफिरूला पोलिसांनी पकडलं, एवढीच बातमी. उंबरठ्यांची सरासरी मात्र ४९.५० वरून ४९.५१ झाली, बस्स.

त्यात हुकूमशाहीत आपला उंबरठा कुणी बोलून दाखवत नाही. २१ डिसेंबर १९८९ ला बुखारेस्टमध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू बाल्कनीतून बोलत होता. समोर कारखान्यांतून गोळा करून आणलेली गर्दी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. मध्येच आरडाओरडा, हुर्यो सुरू झाली. तो गोंधळला, हात वर करून 'हॅलो, हॅलो!' म्हणत राहिला, मग पगारवाढही जाहीर केली. पण शेजारचाही ओरडतोय, हे आता प्रत्येकाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला.

म्हणूनच भाकितं फसतात. जानेवारी १९१७ मध्ये झुरिकच्या भाषणात लेनिन म्हणाला होता की, आम्ही म्हातारे येत्या क्रांतीच्या निर्णायक लढाया कदाचित पाहणार नाही. दोन महिन्यांच्या आत रशियाचा झार पायउतार झाला. जिथे लेनिनचा अंदाज चुकला, तिथे शनीची साडेसाती बघून सत्तापालट सांगणाऱ्यांबद्दल काय बोलावं! आणि 'समाजमाध्यमांमुळेच क्रांती होते' म्हणणाऱ्यांनी १९१७ चं साल पुन्हा वाचावं.

क्रांतीचं रूप मात्र बरंचसं बंदूकवाल्यांवर ठरतं. चीनमध्ये ती गावागावांतून लढत १९४९ ला राजधानीत पोचली. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला लष्करातले अधिकारीच उठले आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली. पोलंडमध्ये १९८९ ला टेबलाभोवती बसून सत्ता सुटली.

सैनिकांनाही उंबरठे असतात. रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये, जुन्या रशियन पंचांगानुसार २७ फेब्रुवारी १९१७ च्या सकाळी व्होलिन्स्की पलटणीच्या प्रशिक्षण तुकडीने बंड केलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक करत इतर पलटणी तिला मिळाल्या. याच तुकडीने आदल्या दिवशी जमावावर गोळ्या झाडल्या होत्या.